मागून येतो म्हणाला

लव्हॉन टेस्की आमच्या गावात आली ती माझ्या ट्रकमध्ये, माझ्या शेजारी बसून. मांडीवर पर्स, पायात घरात घालायच्या सपाता, आणि तिचं सगळं घर ट्रकच्या मागे साखळदंडांनी बांधलेलं. बिगहॉर्न डोंगराच्या घाटात बंद पडलेल्या अवजड गाड्या ओढून खाली आमच्या हॅलम क्रीक गावाला आणायच्या, हा माझा धंदा. गाड्या दुरुस्त होतात, माणसं आपापल्या वाटेनं निघून जातात. लव्हॉन तेवढी राहिली.

ऑगस्टमधली दुपार होती. फोन माझी बायको मार्व्हा घेते. ती दारात येऊन म्हणाली, "ऑरिन, वरच्या वळणावर मोठं मोटरहोम बसलंय. नवराबायको आहेत, वयस्कर. माणूस फारच गोड बोलला बाई. एवढं बंद पडूनही!"

वर जाऊन बघतो तर बसएवढं धूड, आत अख्खं घर थाटलेलं. इंजिन मागच्या अंगाला, त्यातून जळक्या तेलाचा वास. मागे जोडलेली एक छोटी निळी गाडी. ही मंडळी मुक्कामाला पोचली की बाजारहाटाला अशी गाडी बाळगतात. टोपी सारखी करत नवरा पुढे आला.

"गॉर्डी टेस्की. विस्कॉन्सिनचा. जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, त्यामुळे तुम्हाला उगाच शिकवत नाही. आधी पंखा गेला, मग सगळंच तापलं. रस्त्यात उरकण्यासारखं काम नाही हे."

"नाहीच," मी म्हणालो. "आणि ही छोटी गाडी आधी सोडवू. ओढलेल्या गाडीला आणखी एक शेपूट लावून मी घाट उतरत नाही."

"सोडवतो की! मीच घेऊन येतो ती मागून."

आम्ही दोघं कामाला लागलो. एवढी मोठी गाडी नुसती उचलली आणि निघाली असं होत नाही. इंजिन बंद असताना चाकं फिरली की गिअरबॉक्स आतून कोरडा घासतो आणि जळून जातो, म्हणून आधी खाली शिरून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढावा लागतो. त्याआधी चाकांना लाकडी ठोकळे, नाहीतर गाडी तुमच्याच अंगावर यायची. ब्रेक हवेवर चालतात, तेव्हा माझ्या ट्रकमधून तिला हवेची नळी जोडायची. पुढचा आस उचलला की मागची शेपटी खाली जाते, ती रस्त्याला टेकत नाही ना हे वाकून पाहायचं. शेवटी मागे तात्पुरते दिवे. गॉर्डी हवा तो पाना मागायच्या आत हातात देत होता. असा जोडीदार मिळाला की काम हलकं होतं. मला तो माणूस आवडला, खोटं कशाला सांगू.

आत लव्हॉन कपाटांची दारं दोरीनं बांधत होती. गॅस बंद केल्याचं तिनं मला खिडकीतून दोनदा ओरडून सांगितलं. मग दारात येऊन विचारलं, "मी इथंच बसू ना, सोफ्यावर?"

"छे हो बाई. ओढलेल्या गाडीत कुणी बसायचं नाही. तुम्ही माझ्या शेजारी."

तेवढ्यातही तिनं अंड्याचं सँडविच करून कागदात गुंडाळलं आणि नवऱ्याला दिलं. "वाटेत भूक लागली तर. आणि हे जॅकेट घाल गॉर्डी, वर गार आहे."

"खाली तर उतरायचंय," तो म्हणाला, पण त्यानं जॅकेट घेतलं.

ती माझ्या ट्रकमध्ये चढली. मांडीवर म्हातारं, तपकिरी कुत्रं होतं, बिस्किट नावाचं. गॉर्डी तिच्या बाजूच्या दाराशी आला.

"ट्रकमध्ये ओकेल तो. दे इकडं."

"माझ्याजवळ शांत बसलाय की अरे."

"दे गं," म्हणत त्यानं कुत्रं तिच्या मांडीवरून उचललं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सावकाश घ्या हं ऑरिन. मी येतोच मागून."

मी खालच्या गिअरमध्ये, ब्रेक तापू न देता उतरत होतो. मागे एवढी भिंत असली की आरशात फक्त वळणावर मागचा रस्ता दिसतो. पहिल्या वळणावर निळी गाडी दिसली. लव्हॉन समाधानानं म्हणाली, "आहे." दुसऱ्या वळणावर दिसली नाही. पुढच्यालाही नाही.

"कुत्र्याला फिरवायला थांबला असेल," ती म्हणाली.

"असेल की."

आवारात पोचलो. मोटरहोमवर एक ओरखडा नव्हता. मार्व्हानं कॉफी दिली. लव्हॉन कप हातात धरून फाटकाकडे तोंड करून उभी राहिली, आणि कॉफी तशीच गार झाली. वरचं वळण सोडलं तर घाटात फोन लागत नाहीत. शेवटी मी पिकअप काढून परत वर गेलो. प्रत्येक वळणावर थांबून दरीत डोकावलो, आणि दर वेळी खाली काहीतरी निळं दिसेल असा धाक वाटला. काही नव्हतं. शेरीफला कळवलं, त्याचे पोलीस शोधायला निघाले. लव्हॉन त्या रात्री आमच्या सोफ्यावर बसून होती. तिच्या तोंडी एकच गोष्ट: त्याचं ब्लडप्रेशर. चक्कर आली असेल, गाडी घसरली असेल.

सकाळी शेरीफचा माणूस आला, टोपी काढून हातात घेतली. डोंगराच्या पलीकडच्या पेट्रोल पंपावर गॉर्डी दिसला होता. टाकी भरली, कुत्र्याला पाणी पाजलं, काउंटरवरच्या मुलीशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि पुढे गेला.

"म्हणजे बरा आहे ना तो? देवा, तुझे उपकार!" लव्हॉन म्हणाली. खरोखर तिचा चेहरा उजळला. मग तिनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं, आणि आमच्या तोंडावरून तिला कळलं.

मोटरहोम माझ्या आवारात उभं राहिलं आणि ती त्यातच राहू लागली. दुसरीकडे जाणार कुठं? विस्कॉन्सिनमधलं घर त्याच्याच हट्टानं विकलेलं. मार्व्हाला तिनं हळूहळू सांगितलं ते असं. अंगणात तिनं लावलेली पिओनीच्या फुलांची झुडपं होती, चर्चच्या गायनात तिची जागा होती. तिला कुठं जायचंच नव्हतं. "अगं, जग बघू," तो म्हणाला, "चार भिंतीत काय मरायचंय!" रोज रात्री नकाशे पसरायचा. शेवटी तिनं सही केली, निघताना झुडपांवर पाणी घातलं आणि गाडीत बसली. आणि आता जग दाखवणारा गेला होता. ज्या गाडीसाठी घर गेलं ती तिच्या गळ्यात होती, आणि ती तिला चालवताही येत नव्हती.

मग त्याचा फोन आला. मी उचलला. लव्हॉन तिथंच मार्व्हाला शेंगा सोलू लागत होती.

"ऑरिन, शाफ्ट नीट झाकून ठेवलाय ना? धूळ बसू देऊ नका."

माझं डोकंच फिरलं. "तुझी बायको इथं बसलीये, भल्या माणसा," म्हणून मी फोन तिच्या हातात दिला. आमच्या ऑफिसातला तो जुना फोन खोलीभर ऐकू येतो.

"कुठं आहेस?" तिनं विचारलं.

"रागावू नकोस लव्हॉन."

"कुणी बाई आहे का?"

"नाही गं. देवाशपथ, कुणी नाही."

"मग?"

तो म्हणाला, "वरून बघत होतो. ट्रक किती जपून उतरत होता. म्हटलं, माणूस चांगला आहे, आता ही नीट पोचेल. माझी काही गरज नाही. मग गाडी वळवली."

तिनं फोन खाली ठेवला आणि शेंगा सोलायला घेतल्या. थोड्या वेळानं म्हणाली, "बाई असती तर बरं झालं असतं मार्व्हा. तिला शिव्या तरी देता आल्या असत्या."

त्या रात्री जेवताना मी हे मार्व्हाजवळ बोलून टाकलं. मी जपून उतरलो, आणि त्याच्या आधारानं या माणसानं बायको सोडली. आयुष्यात एवढ्या गाड्या ओढल्या, पण असं मला कुणी वापरलं नव्हतं. मार्व्हा म्हणाली, "मग काय, दरीत ढकलायला हवी होतीस?" तिचंही बरोबरच होतं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, लव्हॉनची मुलगी कार्लीन विस्कॉन्सिनहून आईला न्यायला आली. खोली रंगवून ठेवलीये, नातवंडं वाट बघताहेत, असं सांगत होती. आमच्याच स्वयंपाकघरात सणाचं भोपळ्याचं गोड पक्वान्न कापलं होतं. बोलता बोलता कार्लीन रडू लागली.

"आई, मला वाटलं नव्हतं बाबा खरंच करतील. वसंतात ते म्हणाले होते, की आता होत नाही, कुठंतरी एकट्यानं निघून जावंसं वाटतं. मी म्हटलं, आईशी बोला. वाटलं, बोलतील."

लव्हॉननं काटा ताटलीत ठेवला. "वसंतात?"

"हो."

"तेव्हाच तर ईस्टरला मी तुझ्याकडं होते, कार्लीन. तुझ्या सिंकपाशी उभी राहून भांडी घासत होते. तू शेजारी पुसत होतीस."

"आई, काय सांगणार होते मी तुला?"

"हेच. आत्ता सांगितलंस तेच."

नवऱ्याचं कळलं तेव्हा ती रडली नव्हती. आता उठून बाहेर गेली, आवारातल्या टायरच्या ढिगाशी उभी राहून हुंदके देत रडली. मार्व्हा कोट घेऊन तिच्यामागे गेली. कार्लीन टेबलाशी बसून राहिली. मला तिचीही दया आली.

कार्लीन एकटीच परतली. लव्हॉन मार्व्हाला एवढंच म्हणाली, "तिच्या घरी राहिले तर रोज तिच्या तोंडाकडं बघेन, आणि हिला अजून काय काय ठाऊक होतं ते शोधत बसेन. त्यापेक्षा इथं बरी."

मोटरहोम तिनं एका मेंढरंवाल्याला विकलं. तो आपल्या मेंढपाळांना त्यात ठेवतो. न्यायच्या दिवशी मीच ते ओढून कुरणात पोचवलं. ती बघायला बाहेर आली नाही. आता बियाण्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहते, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, आणि चर्चमध्ये वरच्या पट्टीत गाते. पोरं तिच्यावर जीव टाकतात. गावातले लोक म्हणतात, सावरली बिचारी.

गॉर्डी आयडाहोत कुठंतरी असतो. एका नाताळाला त्यानं कुत्र्याचा फोटो पाठवला होता. तिनं तो फाडला नाही, लावलाही नाही. कार्लीन दर रविवारी फोन करते. एकदोनदा मी तिथं होतो. लव्हॉन तिला बर्फ किती पडलं ते सांगते, नातवंडांचं विचारते, आठवणीनं आभार मानते. अगदी गोड बोलते, दुकानात आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलावं तशी. मग फोन ठेवते आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ नुसती रस्ता बघत उभी राहते.