पडद्याकडे पाठ

थिएटरात सगळे त्याला बॅटरीमामा म्हणत. उशिरा आलेल्यांच्या पायाशी बॅटरीचा उजेड टाकत त्यांना खुर्चीपर्यंत नेणं हे त्याचं काम. पण एकतीस वर्षं थिएटरात काढून या गृहस्थाने एक सिनेमा धड पाहिला नव्हता! लोक बसले की तो पडद्याकडे पाठ करून भिंतीला टेकायचा आणि चेहरे बघायचा. "पडद्यावरचे पैसे घेऊन रडतात, हे बिचारे पैसे देऊन रडतात. मग खरं रडणं कोणाचं?" असं त्याचं म्हणणं.

शुक्रवारी लढाईतल्या प्रेमाचा एक सिनेमा लागला. नुकतंच लग्न झालेला जवान आघाडीवर जातो, बायको वाट बघत राहते. तोफा धडाडल्या की पुढच्या रांगांतून शिट्ट्या पडत. बाल्कनीतल्या बायका मध्यंतराच्या आधीच रुमाल काढून तयार. आणि आगगाडी हलली की एरवी टवाळक्या करणाऱ्या पोरांनाही एकदम खोकला यायचा.

शेवटची पाच मिनिटं मात्र मामा बाहेर असे, कारण दारांच्या कड्या काढायच्या असत. मग माणसं बाहेर येत. डोळे लाल, पण चेहऱ्यावर हसू. एका म्हाताऱ्याने तर मामालाच थँक्यू म्हटलं, जणू सिनेमा यानेच काढला होता. त्यावरून मामाने ओळखलं, जवान घरी परत येतो. खात्री करायला कोणाला विचारलं नाही. चेहरे वाचण्यात आपला हात कोण धरणार, असा त्याचा तोरा!

म्हणून रविवारी दुपारच्या खेळाला त्याने वहिनीला आणलं.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. दादा लढाईवर गेला तेव्हा मामा सात वर्षांचा होता आणि आईवडील आधीच गेलेले. दादा बेपत्ता झाल्याची तार आली, पुढे काहीच नाही. बावीस वर्षांच्या वहिनीला माहेरचे न्यायला आले, तर ती म्हणाली, "याला कोणाच्या दारात सोडू?" आणि राहिली. शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवून तिने त्याला वाढवलं, त्याचं लग्न लावलं, त्याच्या मुलीचं बाळंतपण केलं. पण दादाचा विषय निघाला की उठून आत जायची. निघायच्या सकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि वहिनी निरोप द्यायला दारात आलीच नव्हती. हे वहिनी आणि मामा दोघांनाच ठाऊक होतं आणि दोघंही बोलत नसत.

एवढं करणाऱ्या बाईला आपण काय दिलं, हा प्रश्न मामाला हल्ली फार छळायचा. निदान पडद्यावर तरी एक जवान तिच्यासमोर घरी यावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

"लढाईचं नको रे बाबा मला," वहिनी पायरीवरच अडली.

"अगं, शेवटी येतो तो परत. माझ्यावर विश्वास आहे ना?"

त्या दिवशी मामाने एकच चेहरा बघितला. पडद्यावर नवराबायको भांडली, बायको रुसून आतच बसली, तेव्हा वहिनीने खुर्चीचा हात घट्ट धरला. मामा चरकला. शेवटी कड्या काढायला गेला, पण राहवेना, म्हणून दार किलकिलं करून पहिल्यांदाच पडद्याकडे बघितलं. जवान आला नव्हता. आली होती त्याची ट्रंक आणि एक पत्र. बायको ते वाचत होती. "त्या दिवशी तू दारात आली नाहीस ते बरंच झालं. आली असतीस तर माझा पाय निघाला नसता."

लोक नेहमीसारखेच लाल डोळ्यांनी हसत बाहेर पडले. वहिनी मात्र रिकाम्या थिएटरात एकटी बसून होती.

"वहिनी, चुकलो गं. मला वाटलं..."

"बस इथे." तो शेजारी बसला. "नाही आला ते बरं झालं. आला असता तर मी उठून गेले असते. सगळ्यांचे येतात, आपलेच तेवढे येत नाहीत, असं वाटलं असतं." मग तिने विचारलं, "तुझ्या दादालाही त्या पत्रातल्यासारखं बरंच वाटलं असेल का रे? मी दारात आले नाही ते?"

पन्नास वर्षांत तिने हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"मी कोपऱ्यापर्यंत गेलो होतो त्याच्याबरोबर," मामा म्हणाला. "तू आत भांडी आपटत होतीस. तिथवर ऐकू येत होती. दादा थांबला, मागे बघितलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, आल्यावर आधी पातेल्याचे पोचे काढावे लागणार."

"हसला?"

"पोट धरून. चेहरा बघितला ना मी त्याचा."

"मेल्या, पन्नास वर्षं बोलला नाहीस!"

"तू विषयच काढू द्यायची नाहीस. मी घाबरायचो तुला."

वहिनी हसायला लागली आणि हसता हसता हमसून रडली. मामाने तिचा हात धरला. पुढच्या खेळाची माणसं दारावर थापा मारत होती. मारू देत, म्हणून तो बसूनच राहिला.

पदराने डोळे पुसत वहिनी म्हणाली, "ते पातेलं अजून आहे घरात. पोचा मी काढू दिला नाही कोणाला."