ताकाचा क्लोजअप

आमचे दिगंबरमामा हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्यानंतर वर्षभराने त्यांचा खून झाला आणि तो माझ्या लॅपटॉपवर झाला.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. शहरात मुकुंदवाडीला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा स्टुडिओ आहे. (स्टुडिओ हा शब्द बोर्डावर आहे. घरी त्याला ‘ती खोली’ म्हणतात.) इतकी वर्षं मी नवऱ्या मुलींना फुलांतून बाहेर काढतो आहे आणि नवरदेवांना बदामाच्या आकारात बसवतो आहे. या कामात माणसाची प्रतिभा गंजते. म्हणून गेल्या पावसाळ्यात, लग्नं नव्हती तेव्हा, मी मोबाइलवर एक कोर्स केला. थरारपटात प्रेक्षकाचा श्वास कसा रोखून धरायचा, हा त्याचा विषय.

त्या कोर्सने मला बिघडवलं. साधीसुधी गोष्ट भयंकर कशी दिसते, ते तिथे शिकवलं होतं. माणसाचा कोरा चेहरा दाखवायचा, लगेच एखादी वस्तू दाखवायची, पुन्हा तोच चेहरा. चेहऱ्यावर काही नसलं तरी बघणारा आपल्या मनातलं त्यावर लावून मोकळा होतो. मधली वस्तू पाळणा असेल तर त्याला माया दिसते, सुरी असेल तर कारस्थान दिसतं. रंग जरा निळसर करायचे. वेग कमी करायचा. खाली जेमतेम ऐकू येईल असा घुमणारा आवाज सोडायचा आणि ऐन वेळी तो तोडून टाकायचा. मी इतका भारावलो की बायको चहा घेऊन आली तरी ती दारातून आत कशी येते, याच्याकडे मी संशयाने बघायला लागलो.

पण हे ज्ञान वापरायचं कुठे? एका हळदीच्या व्हिडिओत मी नवरीच्या आत्याच्या चेहऱ्यावर हळूहळू झूम केलं आणि मागे ढगांचा गडगडाट टाकला. तो रात्रीच सगळ्यांच्या मोबाइलवर गेला आणि आत्याबाई दुसऱ्या दिवशी लग्नाला आल्याच नाहीत.

अशात माझ्या आजोळाहून, फुलंब्रीहून शकुंतलामामींचा फोन आला. मामांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. मामी मुळातच कमी बोलणाऱ्या. मामा गेले त्या दिवशी त्या रडल्यासुद्धा नव्हत्या. भिंतीला टेकून नुसत्या बसून राहिल्या होत्या आणि गावातल्या बायकांनी ते बरोबर लक्षात ठेवलं होतं. त्यानंतर वर्षभर त्यांनी ‘व्हय’ आणि ‘नाय’ एवढ्यावरच भागवलं. जेवणही निम्म्यावर आलं होतं. त्या फोनवर म्हणाल्या, “संजू, भिंतीवरचा फोटो बघून बघून डोळे दुखायलेत रे. ते हलतेत, बोलतेत असं कायतरी बघायचंय मला. तेवढं कर.”

एवढंच त्यांना हवं होतं. हलणारे, बोलणारे मामा. हे काम कोणीही बसल्या जागी मोबाइलवर करून दिलं असतं. दुर्दैवाने त्यांनी ते एका कलावंताला सांगितलं.

मामेभाऊ विशालने त्याच्याकडचे होते नव्हते ते सगळे व्हिडिओ पाठवले. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना रंग लावणारे मामा, नव्या ट्रॅक्टरपुढे छाती काढून उभे राहिलेले मामा, नातवाला खांद्यावर घेतलेले मामा. आणि एक व्हिडिओ ते जायच्या आधीच्या आठवड्यातला, नातवाने मोबाइलशी खेळताना काढलेला. जेवणाआधी मामा अंगणात बाजेवर बसलेत. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहेत, चेहरा अगदी कोरा. (त्या कुकरच्या शिट्ट्यांकडे कान देऊन उभ्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.) मग त्या ताकाचा ग्लास घेऊन येतात, इकडेतिकडे बघतात आणि चिमटीतून काहीतरी पांढरं त्यात सोडतात. मामा ते ताक घटाघटा पितात.

माझ्या अंगावर काटा आला. कोर्समध्ये शिकवलेलं सगळं त्या एका व्हिडिओत आयतं हजर होतं! मूळ आवाज मी सुरुवातीलाच बंद केला होता, कारण त्यात कोंबड्या फार ओरडत होत्या. त्याखाली घुमणारा आवाज टाकला, वर हृदयाचे ठोके. मामींचा चेहरा, ताकाचा ग्लास, पुन्हा मामींचा चेहरा. मग चिमटीचा क्लोजअप, पांढरे कण हळूहळू, अगदी हळूहळू ताकात उतरताना. मामांच्या गळ्याची वरखाली होणारी घाटी. मग ठोके एकदम बंद, पडदा काळा, आणि पुढच्याच क्षणी मामांचा हार घातलेला फोटो. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याखाली माझं नाव.

वियोगाची चाहूल! मला हेच दाखवायचं होतं, देवाशपथ. मामांना माहीत नाही की दिवस संपत आलेत, पण प्रेक्षकांना माहीत आहे. मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “भीती वाटतीय हो.” तिच्याकडून मिळालेली ही पहिलीच दाद होती, त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

वर्षश्राद्धाला अर्धं फुलंब्री लोटलं होतं. मांडवात महाराजांचं कीर्तन झालं, मामांच्या फोटोवर फुलं पडली. जेवणाआधी माझा कार्यक्रम. मी लग्नांत पडदे लावणाऱ्या एका मित्राकडून मोठा एलईडी पडदा आणला होता आणि आवाजासाठी वरातीतले स्पीकर. मामी पहिल्या ओळीत, माझ्या आईजवळ बसल्या होत्या. पोळ्याचे मामा पडद्यावर आले तसा त्यांनी पदर तोंडाला लावला. ट्रॅक्टरवाल्या मामांना बघून त्या चक्क हसल्या. माझ्या आईने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की जन्माचं सार्थक झालं.

मग घुमणारा आवाज सुरू झाला.

वरातीच्या स्पीकरमधून तो मुळीच जेमतेम ऐकू येत नव्हता. तो खुर्च्यांच्या पायांतून वर चढत होता. मांडवाचे पत्रे थरथरायला लागले. ठोके सुरू झाले तसा पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. पडद्यावर मामींचा चेहरा आला, दहा हात रुंद, निळसर. मग ग्लास. मग पुन्हा मामी. बायकांच्या बाजूने कुणीतरी हळूच “अगं माय” म्हणालं. पांढरे कण ताकात उतरेपर्यंत मांडवात कुणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. मामांनी ताक संपवलं, पडदा काळा झाला, हाराचा फोटो आला.

प्रेक्षकांचा श्वास रोखून धरण्यात मी शंभर टक्के यशस्वी झालो होतो. तो त्यांनी सोडला आणि सगळ्या माना एकदम मामींकडे वळल्या.

मामी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मला वाटलं, भावना अनावर झाल्यात. मी लांबून त्यांना नमस्कारसुद्धा केला.

पंगती बसल्या, पण आवाज नाही. नुसत्या कुजबुजी. वाढपी मठ्ठ्याची बादली घेऊन निघाला, तर पहिल्या माणसाने ग्लासवर हात ठेवला. दुसऱ्यानेही ठेवला. मग ओळीने सगळेच हात ठेवत गेले आणि बादली भरलेली तशी परत गेली. एवढं झालं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रेक्षकाला सगळं आधी कळतं आणि पात्राला सगळ्यात शेवटी, हे मी शिकलो होतो. ते पात्र मीच असेन, हे कोर्समध्ये नव्हतं!

मी घाईघाईने माईककडे निघालो, पण त्याआधी भगवानमामा उठले. हे दिगंबरमामांचे धाकटे भाऊ, आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा. भरल्या पंगतीत ते मामींसमोर जाऊन उभे राहिले.

“वहिनी, त्या ताकात काय टाकलं व्हतं?”

मी मध्ये पडून सांगायला लागलो की ते मी हळू केलंय, रंग मी बदललाय, आवाज माझा आहे. भगवानमामा माझ्याकडे न बघता म्हणाले, “हात त्वा हळू केला असशील. चिमटीत काय व्हतं, ते बी त्वाच भरलं का?”

मामी उठल्या. वर्षभरात त्या कुणासमोर एवढ्या सरळ उभ्या राहिल्या नव्हत्या.

“मीठ,” त्या म्हणाल्या.

सगळा मांडव सैल झाला. कुणीतरी हसलंही. पण मामींचं बोलणं संपलं नव्हतं.

“डॉक्टरनं मीठ बंद केलं व्हतं त्यांचं. मला समोर बसवून सांगितलं व्हतं, एक कण बी देऊ नका म्हणून. मी देत व्हते. रोज देत व्हते. वर्ष झालं, डोळ्याला डोळा नाय माझ्या. आज सगळ्यांनी बघितलं, बरं झालं.”

आता हसायला कोणी नव्हतं. आईने मामींचा हात धरला तर तो त्यांनी सोडवून घेतला. मी ते ताक निळं केलं होतं आणि या बाईने ते वर्षभर रोज गिळलं होतं. वियोगाची चाहूल म्हणे! मला ती एलईडीची भिंत अंगावर पाडून घ्यावीशी वाटली.

 भगवानमामांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि खाली बघत म्हणाले, “नान-खलिया.”

कुणालाच काही समजेना. मग त्यांच्या तोंडून एकेक बाहेर आलं. दर रविवारी खत-बियाणं बघायच्या नावाखाली ते दादाला गाडीवर बसवून शहरात न्यायचे आणि दोघं भाऊ पोटभर नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा खारट-तिखट रस्सा, हाणून यायचे. वर खारं लिंबू. दादाने शपथ घातली होती, घरी सांगायचं नाही.

हे ऐकल्यावर माझी आई हुंदके द्यायला लागली. कारण लिंबाच्या लोणच्याची बरणी दर महिन्याला गुपचूप तीच पोचवायची. विशालने कबूल केलं की ट्रॅक्टरच्या सीटखाली फरसाणाचा पुडा असायचा आणि तो संपला की बाबा रागवायचे. शेजारच्या काकूंनी पापड भाजून कुंपणावरून दिले होते. शेवटी महाराजांनी घसा साफ केला. कीर्तनानंतर मामा आणि ते देवळामागे बसून खारे शेंगदाणे खायचे, आणि वैराग्यावर बोलायचे. अर्धी पंगत आरोपी निघाली. मीही गप्पच राहणार होतो, पण बायकोने कोपर मारलं. मग सांगितलं. मामा शहरात आले की माझ्या त्या खोलीत बसून कचोरी खायचे. आणायचो मीच.

मामी एकेकाकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आता जे होतं, त्याला कुठल्याही क्लोजअपची गरज नव्हती.

“मला म्हणायचे,” त्या सावकाश म्हणाल्या, “शकू, जगात मला कुणी मिठाचा खडा देत नाय. तुझ्या हातची चिमूट तेवढीच हाय. म्हणून मी जीव मुठीत धरून टाकायचे.” मग त्या हाराच्या फोटोकडे वळल्या आणि अख्ख्या गावासमोर नवऱ्याला म्हणाल्या, “लबाड माणूस.” आणि खाली बसून रडायला लागल्या. वर्षभराचं सगळं रडल्या. बायका भोवती जमल्या, भगवानमामांनी स्वतः बादली उचलली आणि पंगतीत मठ्ठा वाढायला घेतला. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं.

मामा नेमके कशाने गेले, हे कुणाला सांगता येणार नाही. पण एकट्या मामींनी त्यांना नेलं नाही, एवढं त्या दिवशी ठरलं.

आठवड्याने मामी एसटीने आमच्याकडे आल्या. घरी न टेकता सरळ त्या खोलीत येऊन माझ्या शेजारी खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, लाव. मी लावलं. त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. हा भुंग्यासारखा आवाज काढ. काढला. ही धडधड काढ. काढली. मी काय अशी निळी हाय का? रंग सरळ केले. हे रेंगाळणं कामून? वेग सरळ केला. माझं मधेमधे येणारं तोंड काढ. काढलं. माझी पावसाळाभराची विद्या अशी एकेक करून कचऱ्याच्या डब्यात गेली. शेवटी बंद ठेवलेला मूळ आवाज तेवढा मी उघडला.

कोंबड्या ओरडल्या. कुकरची शिट्टी झाली. आणि मी आजवर न ऐकलेला मामांचा आवाज आला, खोडकर, दबका: “अगं टाक की अजून जरा. कोण बघायलंय?”

मामींनी माझा हात घट्ट धरला. पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा लावलं. मग पुन्हा. मामा हलत होते, बोलत होते, मीठ मागत होते. मामींना हवं होतं ते सगळं पहिल्यापासून त्यात होतं. मी त्याच्यावर थरार टाकून ते बुजवलं होतं. मलाही रडू आलं. मी म्हणालो, “मामी, आता काही राहिलं का काढायचं?”

त्यांनी डोळे पुसले आणि पडद्यावर शेवटी येणाऱ्या अक्षरांवर बोट ठेवलं.

“हे तुझं नाव,” त्या म्हणाल्या. “तेवढं काढ बाबा. गावात माणसं वाचून दचकतेत.”