महानंदाबाईंची पोटरी

सुदर्शननं करडईचं तेल कोमट केलं आणि मायची सुजलेली पोटरी चोळायला बसला. मुदखेडच्या निम्म्या बायकांची पोलकी त्याची माय, महानंदाबाईच शिवायच्या. दिवसभर मशीनचं पायडल हाणल्यावर पाय सुजणारच, असा त्याचा हिशेब.

"जोर लाव की! तोंडात लई जोर हाय, हातात न्हाई."

मग त्यानं जोर लावला.

मायच्या रक्ताच्या कॅन्सरवर रोजची गोळी सुरू केली तेव्हाच नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: ही गोळी रोगाच्या पेशी नेमक्या टिपते, पण एखाद्याच्या रक्तात गुठळीही करते. एक पाय सुजला, छातीत दुखलं, दम लागला, तर तडक या. सुदर्शनच्या डोक्यात तेवढी छाती राहिली. "छातीत दुखतंय का?" हे तो रोज विचारून मायला पिडायचा. पायाचं मात्र पार विसरला.

सकाळी पोटरी लालभडक, तापलेली. नांदेडला सोनोग्राफीत शिरेतली गुठळी दिसली.

"कुणी चोळलं?" पोटरीवरचं तेल बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ह्यानंच. जन्मात एकदा सेवा केली बिचाऱ्यानं," माय म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. "चोळल्यानं गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आता पायाला हात लावायचा नाही."

मायला भरती केलं, रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली, कॅन्सरची गोळी थांबवली.

"गोळी बंद केल्यावर रोग उठंल की, मॅडम?" सुदर्शननं विचारलं.

"म्हणून रक्त तपासत राहू. दुसरी गोळी बघतेय."

घ्यावी तर गुठळी, न घ्यावी तर रोग. सुदर्शन मायचा श्वास मोजत बसला. ती खोकली की हा उभा.

"अरे, ठसका हाय! बस खाली. मी मरायच्या आधी तूच मरशील."

शेजारच्या खाटेवरच्या बायकोसोबत आलेल्या देगलूरच्या संगप्पांनी त्याच्या हातात धपाट्यांचा डबा दिला. "खा बाबा. तू पडलास तर तिसरी खाट कुठून आणू?"

फुप्फुसं स्वच्छ निघाली. सूज उतरली तशी नवी गोळी लिहून मायला घरी सोडलं. ही गोळी मानवेल का, ते पुढच्या तपासणीत कळणार होतं. गडबडीत संगप्पांचा डबाही मुदखेडला आला.

"रिकामा देऊ नगंस. धपाटे करते मी."

"तू चुलीपाशी उभी राहणार न्हाईस."

"मग तू कर."

सुदर्शननं पीठ काढलं, पाणी घातलं. तेवढ्यात मायनं पाय अवघडल्यासारखा हलवला.

"दुखतंय का?"

"न्हाई रे."

तरी तो पोटरी बघायला धावला. पीठ परातीतच वाळलं. डबा अजून रिकामाच आहे.