अंगणातला चहा

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या सुमारास मी पुसदला भाड्यानं द्यायला एक जुनं घर घेतलं. वकील असल्यानं कागद तेवढे तपासले, घराकडे पाहिलंच नाही. नालीवर चढलेली भिंत आणि थेट रस्त्यात उतरणारा जिना मला नगरपालिकेच्या, बांधकामं तपासणाऱ्या ओव्हरसियरनं दाखवला.

हा गृहस्थ छत्रीच्या टोकानं भिंत टोचायचा. पोपडा पडला की घरात कुणी आजारी असल्यासारखा हळू बोलायचा, "वकीलसाहेब, हे पाडा लागते." त्या छपराखाली तो कधी बसला नाही. चहा अंगणात, उभ्यानंच.

मी भिंत पाडली, जिना आत घेतला, आढं बदललं. मग तो चपला काढून आत बसला आणि बशीत ओतून चहा प्याला. खटला जिंकूनही मला एवढा आनंद झाला नसता. अर्थात तसा अनुभव थोडाच.

दसऱ्याला तो सोनं द्यायला माझ्या राहत्या घरी आला. उंबऱ्यातच थांबला. वर आढ्याकडे पाहिलं, भिंतीला छत्रीचं टोक हलकेच लावलं, पोपडा पडला. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवत बायकोला म्हणाला, "वैनी, माहा चहा अंगनातच आना. अन् साहेबायचाही."