महादूनं उघडलेलं झाकण

महादू गेल्याची बातमी साताऱ्याहून आली तेव्हा मी सांगलीत हळदीच्या सौद्याला बसलो होतो. घासाघीस अर्धवट टाकून उठलो. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं... त्याच्यावरचा राग मात्र अजून तसाच आहे.

आम्ही दोघं कोरेगावचे. मी हळदीत शिरलो, त्यानं साताऱ्यात घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं. डोळ्याला भिंग लावून तो झाकण उघडी आणि घड्याळ कुठलं, साधारण कधीचं, ते सांगे. मिरजेहून माणसं येत. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून त्यानं कधी शब्द वाकवला नाही. याचं मला फार कौतुक होतं, माझ्यावर पाळी येईपर्यंत.

माझे वडील पहिल्या महायुद्धात बसऱ्याला पडले, तेव्हा मी पाळण्यात होतो. मला मिसरूड फुटल्यावर काकांनी एक मनगटी घड्याळ हातात ठेवलं. पलटणीतून आलेली वडलांची निशाणी, म्हणाले. पुढे काकांशी भांडून घर सोडलं तेव्हा तेवढं घड्याळ घेऊन निघालो. दुसरी लढाई संपली त्या सुमारास ते बंद पडलं. महादूचं दुकान पलटणीतून सुटून आलेल्या शिपायांनी भरलं होतं. सवयीप्रमाणे मी मजुरीवर घासाघीस सुरू केली. बसऱ्याला पडलेल्या माणसाचं घड्याळ आहे, जरा मान ठेव, म्हणालो.

त्यानं झाकण उघडून बराच वेळ पाहिलं. "गड्या, हे त्या लढाईतलं न्हाई. तवा चांदीची न्हाईतर निकेलची यायची, पट्ट्याला तारेच्या कड्या जोडलेल्या. हे न गंजणारं पोलाद हाय. तुझा बाप गेल्यावर लय वर्सांनी झालेलं."

कुणीतरी फिसकन हसलं. मी घड्याळ उचललं आणि त्याला नाही नाही ते बोललो.

"मला कशापायी शिव्या देतोस? ज्यानं दिलं त्याला इचार," एवढंच तो म्हणाला.

तडक कोरेगाव गाठलं. कित्येक वर्षांनी काकांसमोर उभा राहून ओरडत होतो. ते जोत्यावर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "बसऱ्याहून तार तेवढी आली रं. दुसरं काय बी न्हाई. पोराला बापाचं काय तरी धरायला पायजे, म्हून मीच मिरजेत घेतलं."

त्या दिवशी घरी जेवलो...

पुढे घड्याळ महादूनंच चालू करून दिलं, मजुरीत एक पैसा न सोडता. चारचौघांत बोलायला नको होतंस, असं मी सुनावलं. "चारचौघांत घासाघीस कुणी केली?" त्यानं घड्याळावरून मान वर न करता विचारलं. याला उत्तर शोधतोय तोवर हा जगातूनच निघून गेला.

रोज सकाळी घड्याळाला किल्ली देताना त्याला मनात एक शिवी घालतो. बाजारात कुणी विचारलं, घड्याळ कुणाचं, तर सांगतो, काकांचं.