पावणेपाचची इंटरसिटी

रेल्वेत एका इंटरसिटीच्या वेळापत्रकाचं काम माझ्याकडे होतं. चाकणच्या कंपन्यांची पहिली शिफ्ट सुटते, बस रस्त्यात अडकते आणि चिंचवडला सव्वाचारची गाडी डोळ्यांदेखत निघून जाते, ही तक्रार मी महिनाभर फलाटावर उभा राहून ऐकली. मग साहेबांशी भांडलो. चार कामगारांसाठी गाडी कशी हलवायची, हे त्यांचं म्हणणं. मी विचारलं, मग चालवता तरी कुणासाठी? शेवटी गाडी पावणेपाचला सुटू लागली.

पहिल्या शनिवारी लोक न धावता आले. पिशव्या वर टाकून खिडकीशी निवांत बसले. एकाने दारातून मला हाक मारली, "चढा की राव, सुटली गाडी." मी नुसता हात हलवला.

माझं गाव याच मार्गावरच्या एका तालुक्यात, मराठवाड्यात. गाडी आता आमच्या तालुक्याला अर्धा तास उशिरा पोचते, आणि तोवर गावाकडे जाणारी शेवटची एसटी गेलेली असते. वेळापत्रकातलं एकेक स्टेशन मी तपासलं होतं. स्टेशनाबाहेरचं बघायचं राहून गेलं.

रहाटणीच्या खोलीवर येऊन आईला फोन केला. म्हटलं, गाडीची वेळ बदलली, एसटी मिळत नाही, आता शनिवारचं येणं जमायचं नाही. कुणी बदलली ते काही सांगितलं नाही.

ती चिडली. "ज्यानं बदलली त्याला घरदार न्हाई का?"

"नसेल," मी म्हणालो.