मेलेल्या माणसानं सुधारलेला मृत्युलेख

मृत्युलेख कंपोझ झाला होता, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून ठेवले होते. फक्त छापायचा बाकी होता. निजामी जाऊन चार-पाच वर्षं झालेली. बिदरच्या एका मराठी साप्ताहिकात मी नवा, कच्चा वार्ताहर होतो. खटकचिंचोळीचे गुरप्पा अण्णा वारल्याचं कार्ड त्यांच्या मुलाकडून आलं होतं, कोपरा फाडलेलं. अशुभ बातमीचं कार्ड तसंच येतं.

"दुजोरा हाय का?" संपादकांनी विचारलं. दुजोरा म्हणजे तीच बातमी दुसऱ्या, स्वतंत्र माणसाकडून मिळणं.

"हाय की सर! त्यांचे दुबलगुंडीचे जावई बाहेर बसून रडायलेत."

"मागं तू बाजाराला गेलेली बैलजोडी चोरीला गेली म्हणून छापलास. आता चुकलास तर घरचा रस्ता धर."

मी बाहेर गेलो. जावयांना विचारलं, "तुम्ही डोळ्यांनी बघितलं का?"

"न्हाई. मला बी कार्डच आलंय. आता गावालाच निघालो."

दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. अक्षर एक, मजकूर एक. कसला दुजोरा नि कसलं काय! मी जावयांबरोबर सर्व्हिस मोटारीत चढलो.

खटकचिंचोळीत अण्णा ओट्यावर भाकरी खात होते. जावयांनी गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"रड बाबा, आणखी रड," अण्णा खुशीत म्हणाले. "कावळा शिवला मला. डोस्क्यावरच बसला."

आमच्याकडे कावळा डोक्यावर बसला की मरण आलं म्हणतात. मग नातेवाइकांना मेल्याची खोटी बातमी कळवायची. ते रडले की गंडांतर टळतं.

"पण पेपरला कामून कळवलात?" मी पेपरचा माणूस असल्याचं सांगून विचारलं.

"घरचे रडून रडून किती रडतील? पेपरात आलं तर सगळा तालुका रडंल. छापच तू!"

मी साफ नाही म्हटलं. त्यांनी निदान मजकूर तरी वाचून दाखवायला लावला. 'शाळेला जागा दिली' इथं त्यांनी हात वर केला.

"चूक हाय. जागा थोरल्या भावानं दिली. मी आडवा आलतो."

ही माहिती मला गावात दुसऱ्या कुणीही दिली नसती. अण्णांबद्दल एकदम माया वाटली.

परत आल्यावर संपादक आधी कपाळ बडवून घेऊन हसले, मग मला नोकरीत कायम केलं. अण्णा मात्र वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या मते बातमी न छापून मी त्यांचा जीव टांगणीला लावला होता.

तेव्हापासून बातमी देणारा सख्खा मुलगा असला तरी मी आधी बघतो, आपण विश्वास ठेवला तर याचं काय साधतं? आणि स्वतःच्याच विरुद्ध सांगणारा भेटला, तर लगेच लिहून घेतो. पन्नास वर्षांत असे तिघंच भेटले. त्यातला एक तर मेलेला होता.